खंडेनवमीची उलटी फळी

व्हिडिओ गेमच्या फळीची भोकं मी उलट्या बाजूने पाडली. जॉयस्टिक डाव्या हाताला यायला हवी होती ती उजव्या हाताला आली आणि उजव्या हाताची सहा बटणं डावीकडे गेली. एकाची नाही, दोन्ही खेळाडूंची. चौदा भोकं, चौदाही चुकीच्या जागी, आणि प्रत्येक इतकं सुबक की कडेवरून बोट फिरवलं तर कुसळ लागणार नाही.

मी अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. सत्तावीस वर्षं झाली. नवीन ट्रेनी आले की पहिल्या दिवशी मी त्यांना एकच भाषण देतो. ड्रॉइंग हातात घेतलं की आधी स्वतःला विचारा, आपण वस्तूकडे पुढून बघतोय की मागून? हे भाषण मी डोळे मिटून देऊ शकतो. फळी आखताना बहुतेक मिटलेच होते.

झालं असं. कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये किचनचं काम झालं तेव्हाचा प्लायचा एक तुकडा उरला होता, वर मरून रंगाचा सनमाइका लावलेला. सनमाइकावर पेन्सिल उमटत नाही. म्हणून मी आराखडा मागच्या कोऱ्या बाजूवर काढला, मागूनच बारीक ड्रिलने मध्यबिंदू पाडले आणि मग फळी उलटवून पुढून होल सॉ चालवला. पद्धत बरोबर होती. मागून आखताना डावं-उजवं बदलून घ्यायचं असतं, तेवढं राहिलं.

होल सॉ म्हणजे ड्रिलच्या तोंडावर बसवलेली दात असलेली वाटी. ती लाकूड कापते, आणि अडकली की माणूस कापते. नवव्या भोकाला ती अडकली. ड्रिलने फळीच गरकन फिरवली, फळीचा कोपरा माझ्या बरगडीत बसला, मी गॅलरीतल्या तुळशीवर आणि ड्रिल माझ्या पोटावर, चालूच. बनियन त्यात गुंडाळलं गेलं आणि तासभर कुणी पिळावं तसं माझ्याभोवती आवळलं. प्लग मी पायाने ओढून काढला.

आतून बायको ओरडली, "अहो, कोणाशी मारामारी चाललीय?"

"कोणाशी नाही."

"मग कुंडी कोणी फोडली?"

पुढची पाच भोकं मी बरगडी धरून पाडली. हे सगळं कशासाठी, तर दादासाठी.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. शिरगावला राहतो, स्वतःचा टेम्पो चालवतो. त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकडी आहेत, मिटत नाहीत. गिअर टाकताना ती हवेत राहतात. वाटतं, कुणी बडा माणूस नाजूक कपातून चहा पितोय. ती बोटं माझ्यामुळे तशी झाली.

आम्ही लहानपणी उल्हासनगर कॅम्प एकला राहायचो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचं दुकान होतं. चार मशिनं, एक पंखा, आणि घामाचा असा वास की पंखा फिरला की तो सगळ्यांना सारखा वाटला जायचा. मशिनच्या मूळच्या जॉयस्टिक पोरांनी केव्हाच उपटल्या होत्या. मालकाने वैतागून लेथवाल्याकडून लोखंडी सळ्या वळवून घेतल्या, खाली कसल्यातरी व्हॉल्व्हची स्प्रिंग टाकली आणि वर टेम्पोच्या गिअरचा गोळा बसवला. ती सळी सोडली की थोबाडीत मारल्यासारखी परत यायची. आमच्या सगळ्यांच्या तळहाताला घट्टे होते. शाळेत बाईंना वाटायचं, पोरं घरी काम करतात.

खेळ मारामारीचेच. एक साखळीवाला गुंड, एक टकल्या पैलवान, एक वेणीवाली बाई जी लाथेने माणसाला पडद्याबाहेर घालवायची. आणि पडद्याबाहेरही एक नियम होता. जो राऊंड हरेल त्याने मान पुढे करायची आणि जिंकणाऱ्याने टपली मारायची. टपली म्हणायची पद्धत. मागे उभे असलेल्यांना आवाज गेला नाही तर ती धरली जायची नाही, परत मारायची.

दादा त्या दुकानाचा राजा होता. साखळीवाला घेऊन तो कॅम्प तीनच्या पोरांनाही रडवायचा, आणि भावाला सूट नाही. त्या दुपारी त्याने मला लागोपाठ अकरा राऊंड हरवलं. अकरा टपल्या. अकरावीला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मागची सगळी पोरं हसली. दादाही हसला.

मालक जेवायला जाताना शटर अर्धं खाली ओढून जायचा. मी वाकून बाहेर आलो. मागून दादा येत होता. वाकताना त्याने डावा हात उंबऱ्याच्या लाद्यांवर टेकला. मी वळून शटरचा दांडा धरला आणि दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून खाली ओढलं.

शटरचा आवाज मोठा असतो. त्यात तो दुसरा आवाजही मला ऐकू आला, ओली काडी मोडावी तसा.

मी सगळ्यांना सांगितलं, हात सटकला. दुकानवाल्याला, पोरांना, दादाला. आता लिहितोच आहे तर लिहून टाकतो. सटकला नव्हता.

घरी दादाने तेवढंही सांगितलं नाही. म्हणाला, शेजाऱ्यांची सायकल न विचारता घेतली आणि बोटं चेनमध्ये गेली. आमचे बाबा अंबरनाथला एका कंपनीत फिटर होते. त्यांनी कंपनीतून आणलेला मशिनचा जुना व्ही-बेल्ट दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला असायचा, जाड रबराचा, आतून दाते असलेला. तो दुहेरी करून त्यांनी दादाला सायकलीबद्दल मारलं. एका हाताला बँडेज, म्हणून दुसरा हात धरून मारलं. पाठीवर दात्यांचे वळ उठले, शिडी काढल्यासारखे. मी चटईवर पाढे म्हणत होतो. बाबांना वाटलं, धाकटा अभ्यासाला लागला.

दादाने त्यानंतर कधी गेम खेळला नाही. बाकी सगळं नीट. बोलणं, येणं-जाणं, लग्नात माझ्या वरातीत नाचणं. पण शटरचा विषय त्याने काढला नाही आणि मीही नाही. पस्तीस वर्षं ते माझ्या छातीवर बसलंय, असं मी स्वतःला सांगत आलो. म्हणून यंदा ठरवलं की दादाला तीच जॉयस्टिक करून द्यायची, तसाच लोखंडी सळीवाला पॅनल, त्याला शेजारी बसवायचं, आणि खेळता खेळता एकदाचं खरं सांगून टाकायचं. समोरासमोर बसून मला जमलं नसतं. दोघंही टीव्हीकडे बघत असलो तर जमेल असं वाटलं.

बटणं उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून घेतली. त्याने काचेच्या कपाटातून रंगीत लाइटवाली जॉयस्टिक काढली. "साईं, ये लो. मक्खन है. दो उंगली से चलती है."

"मक्खन नको. लोहे का डंडा लगानेका है."

"डंडा?" त्याने मला चष्म्याच्या वरून बघितलं. "गेम खेलना है के किसीको मारना है?"

सळ्या कंपनीतल्या टर्नरने वळून दिल्या. स्प्रिंगा मी भंगारातून निवडल्या, दोन चांगल्या कडक. खेळ चालवायला हाताच्या पंजाएवढा एक कॉम्प्युटर मिळतो, तो टीव्हीला जोडला. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी बटणं बसवली, खुर्चीत बसून फळी मांडीवर घेतली, डावा हात जॉयस्टिककडे नेला आणि तो बटणांवर पडला.

थोडा वेळ मी हात अदलाबदल करून बघितले. मग मान वाकडी करून बघितलं. प्लाय उरला नव्हता, वेळही नव्हता. आणि तेवढ्यात मला ते सुचलं. दादाचा उजवा हात तर ठणठणीत आहे! सळी धरायला पाच बोटांची मूठ लागते, बटणं दाबायला दोन बोटं पुरतात. उलटी फळी दादाला अगदी बरोबर होती. मग उलटी झाली कशाला म्हणायचं? मुद्दाम केली म्हणायचं. खरं सांगण्यासाठी केलेल्या वस्तूची सुरुवात मी अशी खोट्याने केली, आणि वर समाधानाने झोपलो.

बाबा गेल्यापासून त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे. म्हणून खंडेनवमीला दादा सकाळीच शिरगावहून माझ्याकडे येतो. पाटावर लाल कापड, त्यावर बाबांचे पाने, पकड, हातोडा, डबीतला मायक्रोमीटर. प्रत्येकाला हळद-कुंकू आणि एकेक झेंडू. आणि शेवटी तो व्ही-बेल्ट. बाबा त्यालाही पूजेत ठेवायचे. "याच्यावर मशिन चालतं आणि याच्यावरच तुम्ही," असं म्हणून आम्हाला त्याला नमस्कार करायला लावायचे. आम्ही अजूनही ठेवतो. त्याच्या दात्यांत वर्षावर्षाचं कुंकू बसलंय.

यंदा पाटाशेजारी मी फळी ठेवली, मरून, चकचकीत, दोन काळे गोळे वर काढून. दादा नमस्कार करून उठला तेव्हा त्याची नजर गेली.

"हे काय रे, बारक्या?"

"ओळख."

तो खाली बसला. गोळ्यावर उजवा हात ठेवला, सळी ढकलली, सोडली. ती थाडकन परत आली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पस्तीस वर्षांत बघितलं नव्हतं.

"तीच स्प्रिंग," तो म्हणाला. मग फळी नीट बघितली. "पण स्टिक उजवीकडे?"

"मुद्दाम," मी म्हणालो. "तुझ्या हातासाठी."

दादा वाकडी बोटं मांडीवर चोळत राहिला. मग म्हणाला, "पूजेतलं हत्यार आज चालवत नाहीत." आणि लगेच, "टीव्ही लाव."

फळी टीपॉयवर ठेवली. मी उजवीकडे, तो डावीकडे. त्याने साखळीवाला घेतला. मी टकल्या पैलवान. माझं डावं-उजवं उलटं झालेलं, त्यामुळे माझा पैलवान शत्रूला पाठ दाखवून भिंतीला लाथा मारत होता. दादाने त्याला भिंतीवरच ठेचला. साखळी मानेभोवती, गुडघा तोंडात, वर उचलून डोक्यावर आपट. पहिली राऊंड चाळीस सेकंदांत संपली.

"मान," दादा म्हणाला.

मी मान पुढे केली. टेम्पो चालवणाऱ्या माणसाची टपली. डोळ्यांपुढे टीव्ही दोन दिसले.

किचनमधून बायको डोकावली. "भाऊजी, काय आवाज झाला?"

"आवाज झालाच पाहिजे, नाहीतर धरत नाहीत," दादा म्हणाला, आणि हसला. अगदी तसाच.

पाच राऊंड झाल्या. पाच टपल्या. मान सुन्न झाली होती, पण मी खुशीत होतो. सहाव्या राऊंडला बोलायचं ठरवलं. "दादा, ते शटर..." असं तोंडाशी आलंच होतं. आणि त्याच वेळी दादाने वरची आपट मारायला सळी इतक्या जोरात खेचली की फळीच टीपॉयवरून उचलली गेली, हवेत उलटली आणि त्याच्या मांडीवर पालथी पडली. त्याची सळी चालेना.

"वायर सुटली असेल," तो म्हणाला. "थांब, बघतो."

"मी बघतो, दे."

"अरे, दे काय? समोरच आहे." त्याने फळीच्या मागे बघितलं. मग बघतच राहिला.

फळीच्या मागे माझाच आराखडा होता. मी मेंटेनन्सचा माणूस, नाव-गाव लिहिल्याशिवाय आखत नाही. मार्करने, ठळक अक्षरात, बाण काढून लिहिलं होतं: "दादा. डावा हात. स्टिक."

त्याने ते मोठ्याने वाचलं. एकदा हळू, एकदा जोरात.

"मुद्दाम काय रे? माझ्या हातासाठी?"

"दादा, ऐक..."

"तू डाव्या हाताला काढली होतीस. डाव्या! हा हात!" ती दोन बोटं माझ्या नाकासमोर आली. "माझा हात तुझ्या लक्षातच नव्हता."

हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं, देवाशपथ. फळी उलटी झाली एवढीच चूक मी धरून बसलो होतो. सरळ झाली असती तर काय झालं असतं, हा विचारच केला नव्हता. पस्तीस वर्षं जो हात छातीवर बसलाय म्हणत होतो, त्याच्यासाठी वस्तू करायला बसलो आणि माप घेतलं स्वतःच्या हाताचं.

दादाने फळी सरळ करून टीपॉयवर आपटली, माझी मान मागून धरली आणि माझं तोंड फळीवर आणलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा लोखंडी सळी भुवईवर बसली आणि ती फुटली. रक्त सरळ डोळ्यात आलं. मी मागे हात टाकून त्याचा कान पकडला आणि पिळला. दोघंही पन्नाशीला टेकलेले, एकाला शुगर, एकाला बीपी, आणि कुत्र्यासारखे गुरगुरत होतो.

त्यात टीव्हीवर भलतंच झालं. माझं कपाळ माझ्या सहा बटणांवर आपटत होतं. दादाचा साखळीवाला नुसता उभा, आणि माझा पैलवान लाथ, ठोसा, लाथ, उडी, ठोसा. राऊंड मी जिंकलो.

दादा थांबला. "हे धरायचं नाही."

"का नाही? बटण मीच दाबलं."

"कपाळाने?"

"मान पुढे कर," मी म्हणालो. माझ्यातला तो बारा वर्षांचा मूर्ख अजून जिवंत आहे, त्याला मी काय करू?

दादाने वाकून पाटावरचा बेल्ट उचलला. झेंडू उडाला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर. रबराचा तो आवाज, पस्तीस वर्षांनी, आणि या वेळी माझ्या अंगावर. मी सोफ्यामागे गेलो, त्याने सोफा सरकवला. मी हातोड्याकडे हात नेला आणि बाबांचा मायक्रोमीटर पाटावरून घरंगळला. दोघंही त्याला धरायला वाकलो, डोकी आपटली. मायक्रोमीटर दादाने झेलला, नीट जागेवर ठेवला आणि मग मला अजून दोन मारले.

बायको धावत आली, हात बेसनाने भरलेले. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल शिड्या बघून तिने किंकाळीच फोडली. तो रंग बराचसा दात्यांतलं कुंकू होतं. खरं रक्त भुवईचं. पण तिला कोण समजावणार!

"भाऊजी, सोडा! माणूस मरेल!"

"मरत नाही," दादा धापा टाकत म्हणाला. "मी मेलो का?"

आणि तिथे मी, सोफ्यामागून, एक डोळा रक्ताने मिटलेला, ते बोलून टाकलं. "शटर मी मुद्दाम ओढलं होतं. हात सटकला नव्हता."

बेल्ट थांबला. बायको दोघांकडे बघत राहिली. तिला सायकलचीच गोष्ट माहीत होती.

"मग?" दादा म्हणाला. "मला काय ते माहीत नाही? ओढण्याआधी तू वाकून बघितलंस, माझा हात आहे का म्हणून."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"तू बारा वर्षांचा. एवढासा. त्या बेल्टखाली राहिला असतास का तू?" तो खुर्चीत बसला आणि बेल्ट परत पाटावर ठेवला, दुहेरी करून, बाबा ठेवायचे तसा. "मी वाट बघत होतो, तू कधी सांगतोस. शाळा संपली, बाबा गेले, तुझं लग्न झालं. दर खंडेनवमीला मी इथे येतो, आज तरी सांगशील म्हणून. तू हत्यारांना कुंकू लावतोस आणि मला चहा पाजतोस."

बायकोने माझ्या भुवईवर हळद दाबली, गरजेपेक्षा बरीच जोरात. त्या सायकलबद्दल तिला नंतर माझ्याशी बोलायचं होतं, हे तिच्या बोटांवरून कळलं.

दादाने फळी पुन्हा पालथी केली. सुटलेली वायर शोधली, दातांनी सोलली, जागेवर खोचली. त्याची वाकडी बोटं त्या कामात आडवी येत होती, आणि मी ती आज पहिल्यांदा नीट बघत होतो. मग फळी सरळ केली, पुसली. तिच्यावरचं माझं रक्त माझ्याच सदऱ्याला पुसलं. उजव्या हाताची मूठ गोळ्यावर बसवली.

"लाव," तो म्हणाला.

"दादा, खरंच सांगतो, मी दुसरा प्लाय आणतो. नीट माप घेऊन, तुझ्या हाताचं माप घेऊन, पुन्हा बनवतो."

"हात लावशील तर याद राख," दादा म्हणाला. "जन्मात तुझ्या हातून माझ्यासाठी एक गोष्ट धड झाली, आणि तीसुद्धा चुकून. आता मान पुढे कर, कपाळाने जिंकलेली राऊंड हरलेलीच धरतात, मघाची टपली बाकी आहे, भडव्या."